प्रश्न वाचकांचे : हृदयाच्या गोळ्या आणि मोबाईलचा गजर

मागील अंकात अँजिओप्लास्टीनंतर कोणत्या गोळ्या किती काळ घ्याव्या लागतात याविषयी लिहिले होते. त्यानंतर आलेली बरीच पत्रे औषधांपेक्षा ती वेळेवर पोटात कशी जातील याविषयीची आहेत आणि जवळजवळ प्रत्येक पत्रात मोबाईलचा उल्लेख आहे. त्यांतील निवडक प्रश्नांना येथे उत्तरे देत आहे. गोळी बंद करणे, बदलणे किंवा तिची मात्रा कमी-जास्त करणे हे मात्र आपल्या स्वतःच्या डॉक्टरांना विचारूनच व्हावे, कारण ही उत्तरे आपली फाईल न पाहता दिलेली आहेत.

प्रश्न : माझे वडील ६९ वर्षांचे असून मनीषनगरात एकटे राहतात. दिवाळीनंतर त्यांच्या हृदयात दोन स्टेंट (रक्तवाहिनी उघडी ठेवणाऱ्या बारीक जाळ्या) बसवले. सकाळ-संध्याकाळ मिळून दिवसाला आठ गोळ्या आहेत. मी पुण्याला नोकरीस असतो. औषधांची आठवण देणारे कोणते ॲप त्यांच्या फोनमध्ये टाकून द्यावे?
(एक वाचक, पुणे)

उत्तर : ॲपकडे वळण्याआधी एक काम सुचवतो. पुढच्या खेपेस नागपूरला याल तेव्हा वडिलांना शेजारी बसवून त्यांचा औषधांचा डबा पलंगावर रिकामा करा आणि रुग्णालयाचे डिस्चार्ज कार्ड समोर ठेवून एकेक स्ट्रिप ताडून पाहा. रुग्णालयाच्या दुकानातून मिळालेली ‘क्लोपिलेट’ आणि पुढच्या महिन्यात घराजवळच्या दुकानातून आणलेली ‘क्लोपिटॅब’ या दोन्ही स्ट्रिप डब्यात सापडतात आणि दोन्ही चालू असतात, असा प्रकार आम्हाला नवा नाही. दोन्हींत औषध एकच आहे, क्लोपिडोग्रेल. तसेच ‘इकोस्प्रिन एव्ही’ या कॅप्सूलमध्ये ॲस्पिरिनसोबत कोलेस्टेरॉलसाठीचे ॲटोर्व्हास्टॅटिन असतेच. तरीही ॲटोर्व्हास्टॅटिनची वेगळी गोळी तिच्या जोडीला घेतली जात असेल, तर ती मुद्दाम दिली आहे की चुकून राहिली आहे, हे डॉक्टरांना विचारायला हवे. अशी दुहेरी यादी ॲपमध्ये भरली, तर ॲप तीच चूक रोज न चुकता करवून घेईल. ऑगस्ट २०२३ पासून निवडक ३०० ब्रँडच्या वेष्टनावर क्यूआर कोड छापणे सक्तीचे झाले आहे. तो फोनने स्कॅन केल्यास मूळ औषधाचे नाव आणि मुदत कळते. स्ट्रिपच्या मागची बारीक अक्षरे वाचण्यापेक्षा हे सोपे पडते.

यादी स्वच्छ झाली की वडिलांना विचारा, गोळी चुकते तेव्हा ती का चुकते? हा प्रश्न रागावून विचारला तर ‘कधीच चुकत नाही’ हेच उत्तर मिळते, म्हणून गप्पांच्या ओघात विचारलेला बरा. दीर्घकालीन आजारांत विकसित देशांतही जेमतेम निम्मेच रुग्ण औषधे नीट घेतात, असे जागतिक आरोग्य संघटनेने २००३ सालच्या अहवालात नोंदवले होते, आणि त्या उरलेल्या निम्म्यांत सगळेच विसरभोळे नसतात. कोणाला रॅमिप्रिलसारख्या गोळीने कोरडा खोकला येतो, कोणाचे पाय कोलेस्टेरॉलच्या गोळीने दुखतात किंवा तसे वाटते, कोणाला ‘आता छातीत दुखत नाही, मग कशाला’ असे वाटू लागते, आणि कोणी महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात खर्च वाचवण्यासाठी एक दिवसाआड गोळी घेतो व मुलाला ते सांगत नाही. गजर विसरणाऱ्याच्या कामाचा आहे. इतरांना तो फक्त वैताग देतो. खोकल्यावर डॉक्टर गोळी बदलून देऊ शकतात आणि खर्चावर जनऔषधी केंद्राचा मार्ग आहे, पण त्यासाठी कारण कळले पाहिजे.

संशोधनातूनही साधारण हेच दिसते. लंडनमध्ये रक्तदाबाच्या किंवा कोलेस्टेरॉलच्या गोळ्या घेणाऱ्या ३०३ रुग्णांवर झालेला एक अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. त्यात निम्म्या रुग्णांना सुरुवातीला रोज, मग एक दिवसाआड आणि पुढे आठवड्यातून एकदा असे सहा महिने संदेश पाठवले. रुग्णाने ‘घेतली’ की ‘नाही’ ते उलट कळवायचे होते, आणि गोळी घेतली जात नाही असे दिसले तर त्याला फोन करून अडचण विचारली जाई. ज्यांना संदेश नव्हते त्यांच्यापैकी २५ टक्के लोकांनी औषधे पुरेशी घेतली नाहीत. संदेशवाल्यांत हे प्रमाण ९ टक्के होते. याउलट अमेरिकेत पन्नास हजारांहून अधिक लोकांना औषधांचे डबे किंवा टायमर लावलेली झाकणे नुसती घरी पाठवून दिली, त्या २०१७ च्या अभ्यासात काहीच फरक पडला नाही. २०१८ साली रक्तदाबाच्या ४११ रुग्णांवर एक प्रचलित ॲप वापरून पाहिले, तेव्हा गोळ्या घेण्यात थोडी सुधारणा झाल्याचे रुग्णांनी सांगितले, पण रक्तदाबात ॲप न वापरणाऱ्यांपेक्षा अधिक घट दिसली नाही. ऑस्ट्रेलियातील निष्कर्ष तर परस्परांशी भांडणारे आहेत. ७१० हृदयरुग्णांच्या २०१५ च्या अभ्यासात, ज्या निम्म्यांना आठवड्याला चार संदेश पाठवले त्यांचा रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल सुधारले. पुढे २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या, झटका येऊन गेलेल्या सुमारे चौदाशे रुग्णांच्या मोठ्या अभ्यासात संदेशांमुळे औषधे घेण्यात लक्षणीय फरक आढळला नाही. माझे मत असे बनले आहे की उत्तर मागणारा आणि उत्तर न आल्यास विचारपूस करणारा संदेश उपयोगी पडतो. नुसता वाजणारा फोन चार दिवसांत सवयीचा होतो आणि मग ऐकूच येत नाही.

म्हणून आपल्यासाठी व्यवस्था अशी करावी. फोनमध्ये मुळात असलेल्या घड्याळात सकाळचा आणि रात्रीचा असे दोनच गजर लावा. आठ गोळ्यांचे आठ गजर लावू नका. बहुतेक गोळ्या एकत्र घेता येतात, फक्त कोणत्या वेगळ्या ठेवायच्या ते डॉक्टरांकडून लिहून घ्या. गजर वडिलांच्या ठरलेल्या कामाला जोडा, सकाळी चहाला आणि रात्री जेवणाला. सात दिवसांचे खाने असलेला प्लॅस्टिकचा डबा औषधांच्या दुकानात मिळतो. तो दर रविवारी आपण व्हिडिओ कॉलवर असताना वडिलांनी भरावा. रोज रात्री गोळ्या घेतल्यावर रिकाम्या खान्याचा फोटो आपल्याला पाठवावा आणि साडेनऊपर्यंत फोटो आला नाही तर आपण फोन करावा. एवढे महिनाभर सुरळीत चालले आणि तरीही ॲप हवे असे वाटले, तर नेट नसतानाही गजर देणारे, देवनागरीत औषधाचे नाव लिहू देणारे आणि गोळ्या संपत आल्याची सूचना देणारे ॲप निवडा. ॲप टाकल्यावर फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन त्या ॲपपुरती बॅटरी बचत बंद करायला विसरू नका. अनेक फोन बॅटरी वाचवण्यासाठी पडद्यामागची ॲप बंद पाडतात आणि गजर वाजतच नाही.

गोळ्या संपत आल्याच्या सूचनेवर मी विशेष भर देतो. एखाद्या सकाळची गोळी चुकण्यापेक्षा स्ट्रिप संपल्यावर मध्ये पडणारा चार-पाच दिवसांचा खंड अधिक घातक असतो. स्टेंट बसवल्यावर ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल किंवा टिकाग्रेलर ही जोडी, सहसा झटक्यानंतर वर्षभर, स्टेंटमध्ये रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून दिलेली असते, आणि पहिल्या काही महिन्यांत ती अचानक थांबवणे जिवावर बेतू शकते. दात काढायचा असला तरी ही जोडी दंतवैद्याच्या सांगण्यावरून परस्पर थांबवायची नाही, आधी हृदयरोगतज्ज्ञांना फोन करायचा, हेही वडिलांच्या कानावर घाला.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक आहे. मुलीने फोनवर गजर लावून दिला आहे. तो वाजला की मी बंद करतो आणि हातातले वर्तमानपत्र संपवून उठतो. मग गोळी घेतली की नाही, हेच आठवत नाही. अशा वेळी पुन्हा घ्यावी काय?
(एक ज्येष्ठ वाचक, महाल)

उत्तर : घेतली की नाही याची खात्री नसेल, तर सर्वसाधारण नियम असा की पुन्हा घेऊ नये आणि पुढची गोळी तिच्या वेळी घ्यावी. रक्तदाबाची किंवा नाडीची गती कमी करणारी गोळी दोनदा पोटात गेली तर चक्कर येऊन पडण्याचा धोका असतो, आणि या वयात खुब्याचे हाड मोडणे हृदयाच्या आजारापेक्षा कमी त्रासाचे नसते. मात्र स्टेंट बसवून थोडेच महिने झाले असतील आणि शंका रक्त पातळ करणाऱ्या गोळीची असेल, तर अंदाजावर न राहता डॉक्टरांना फोन करून विचारावे.

गोळी चुकली आहे हे नक्की माहीत असेल, तर गोष्ट वेगळी. दिवसातून एकदा घ्यायची क्लोपिडोग्रेल बारा तासांच्या आत आठवली तर घेऊन टाकावी, त्याहून उशीर झाला असल्यास सोडून द्यावी. दिवसातून दोनदा घ्यायची टिकाग्रेलर चुकली तर पुढच्या वेळेची तेवढी घ्यावी. कोलेस्टेरॉलची गोळी एखादा दिवस राहिली तर काही बिघडत नाही. ॲटोर्व्हास्टॅटिन आणि रोसुव्हास्टॅटिन रात्रीच घेतली पाहिजे असेही नाही. रात्री झोप लागून जात असेल तर डॉक्टरांना विचारून ती सकाळच्या गोळ्यांत घालून घ्यावी, म्हणजे एक वेळ कमी झाली. चुकलेल्या गोळीची भरपाई म्हणून दोन गोळ्या एकदम घेणे कोणत्याही औषधाच्या बाबतीत करू नये.

आता आपल्या वर्तमानपत्राविषयी. आपला फोन बैठकीत आणि गोळ्या स्वयंपाकघरात असाव्यात, असा माझा तर्क आहे. गजर वाजतो तेथे गोळ्या नाहीत, म्हणून तो बंद करून आपण ‘नंतर उठू’ म्हणता. फोन रात्री चार्जिंगला औषधांच्या डब्याशेजारी आणि पाण्याच्या तांब्याजवळ ठेवावा, म्हणजे गजर बंद करायला गोळ्यांपर्यंत जावेच लागेल. त्यावर स्वतःशी एकच नियम ठेवावा: गोळी गिळल्याशिवाय गजर बंद करायचा नाही, वाजत राहिला तरी चालेल. सात खान्यांचा डबा असेल तर गोळी घेतली की नाही या शंकेला जागाच उरत नाही, कारण मंगळवारचा खाना रिकामा असेल तर मंगळवारची गोळी पोटात गेलेली आहे. वर्षानुवर्षे हजेरीपट भरलेल्या माणसाला हे सांगणे म्हणजे आगाऊपणा आहे, तरी सांगतो.

प्रश्न : इतवारीत माझे दुकान आहे. हृदय कमजोर असल्याचे सांगून डॉक्टरांनी सकाळी लघवीची गोळी दिली आहे. मुलाने फोनवर आठ वाजताचा गजर लावला, पण मी ती गोळी मुद्दाम टाळतो. कामठीहून बसने येतो. वाटेत आणि दुकानाजवळ स्वच्छतागृहाची सोय नाही. आता पायांवर सूज दिसू लागली आहे.
(एक वाचक, कामठी)

उत्तर : आपण स्पष्ट लिहिलेत याबद्दल आभार, कारण हीच अडचण असलेले बहुतेक जण तपासणीच्या खोलीत ती बोलून दाखवत नाहीत, डॉक्टर ‘गोळी लागू पडत नाही’ असे समजून मात्रा वाढवतात आणि रुग्ण वाढवलेली गोळीही टाळतो. आपल्या मुलाने लावलेला गजर बरोबर आहे. चुकीची आहे ती वेळ. फ्युरोसेमाइड, म्हणजे ‘लॅसिक्स’सारखी गोळी घेतल्यावर तासाभरात लघवी सुरू होते, पहिले दोन तास जोर अधिक असतो आणि सहा ते आठ तासांत परिणाम ओसरतो. ती सकाळीच घ्यायला सांगतात ते रात्री झोपमोड होऊ नये म्हणून. त्यामुळे दुकान आठवड्यातून एक दिवस बंद असेल त्या दिवशी सकाळी आणि इतर दिवशी दुपारी लवकर घरी परतल्यावर, तीन-चार वाजेपर्यंत, असा बदल चालेल का, हे डॉक्टरांना विचारा. अनेकांना तशी परवानगी मिळते. उशिरा संध्याकाळी मात्र ती घेऊ नका. पायांवर सूज आलेली आहे, तेव्हा हा प्रश्न पुढच्या तारखेपर्यंत न ठेवता याच आठवड्यात दाखवून या. चालताना दम लागत असेल किंवा उताणे झोपल्यावर गुदमरत असेल, तर त्याच दिवशी जा.

मोबाईलचा खरा उपयोग आपल्याला दुसऱ्याच ठिकाणी आहे. रोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, चहापूर्वी, एकाच काट्यावर वजन करा आणि त्या काट्याचा फोटो काढा. फोटोवर तारीख आपोआप येते, वेगळी वही लागत नाही. तीन दिवसांत वजन दोन किलोने वाढले तर ते अंगात साठलेले पाणी समजायचे आणि सूज दिसण्याची वाट न पाहता डॉक्टरांना कळवायचे. अशा फोटोंची एक रांग डॉक्टरांना दाखवली, तर दहा मिनिटांच्या तपासणीत ती तोंडी माहितीपेक्षा अधिक कामाची ठरते.

एक सूचना उन्हाळ्यापुरती. मे महिन्यात नागपूरचा पारा पंचेचाळीस अंशांवर जातो, त्यात घाम, क्वचित जुलाब-उलट्या झाल्या आणि लघवीची गोळी तशीच चालू राहिली, तर शरीर कोरडे पडून रक्तदाब उतरतो आणि मूत्रपिंडावर ताण येतो. अशा दिवशी उठताना डोळ्यांपुढे अंधारी आली तर गोळी स्वतःच्या मनाने बंद न करता फोन करून विचारा. आणि औषधे दुचाकीच्या डिक्कीत ठेवण्याची सवय असेल तर ती आधी मोडा, बहुतेक गोळ्या तीस अंशांखाली ठेवायच्या असतात.

प्रश्न : माझ्या पत्नीला धातूची झडप बसवली आहे. ‘ॲसिट्रोम’ची गोळी काही दिवस एक आणि काही दिवस दीड अशी आहे, दर तपासणीनंतर ती बदलते आणि गोंधळ होतो. फोनवर हे कसे बसवावे?
(एक वाचक, काटोल)

उत्तर : हृदयाच्या साऱ्या औषधांत फोनच्या मदतीची सर्वांत अधिक गरज याच गोळीला आहे, आणि तयार ॲपमध्ये ती बसवणेही सर्वांत किचकट आहे. धातूच्या झडपेवर गुठळी होऊ नये म्हणून ॲसिनोकुमरॉल (म्हणजेच आपली ‘ॲसिट्रोम’) किंवा वॉरफेरिन दिलेले असते. कमी पडले तर झडप अडकण्याचा किंवा अर्धांगवायूचा धोका, जास्त झाले तर रक्तस्रावाचा. म्हणून ‘आयएनआर’, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारा आकडा, तपासून मात्रा जुळवत राहावी लागते.

फोनच्या घड्याळात प्रत्येक गजराला वार निवडता येतात आणि नाव देता येते. समजा सोमवार, बुधवार, शुक्रवारी दीड गोळी आणि इतर दिवशी एक असे ठरले आहे. तर संध्याकाळी सात वाजताचे दोन गजर करा. एकाला सोम-बुध-शुक्र निवडून ‘आज दीड’ असे नाव द्या, दुसऱ्याला उरलेले चार वार निवडून ‘आज एक’. मात्रा बदलली की नवा गजर जोडण्याआधी जुना पूर्ण काढून टाका. जुन्या आणि नव्या गजरांची सरमिसळ हा या व्यवस्थेतला सर्वांत मोठा धोका आहे. तपासणीहून परतल्यावर, काटोलच्या बसमध्येच, दोघांनी मिळून हा बदल करून टाकावा, कारण घरी पोहोचेपर्यंत डॉक्टर काय म्हणाले यावर दोघांचे दोन पक्ष झालेले असतात. संध्याकाळची वेळ सोयीची यासाठी, की सकाळी रक्त दिले आणि दुपारी अहवाल आला तर त्याच दिवसापासून बदल करता येतो.

प्रत्येक आयएनआर अहवालाचा फोटो काढून त्या फोटोखाली नवीन मात्रा लिहून ठेवा आणि असे फोटो एका स्वतंत्र अल्बममध्ये घाला. गोळी राहून गेली आणि त्याच दिवशी आठवली तर घ्यावी. दुसऱ्या दिवशी आठवल्यास दुप्पट न घेता नेहमीचीच घ्यावी आणि ‘अमुक तारखेची राहिली’ एवढे लिहून ठेवावे, कारण पुढच्या अहवालात आकडा खाली आला तर त्याचे कारण डॉक्टरांना कळले पाहिजे. हिवाळ्यात आपल्या विदर्भात मेथी, पालक, हरभऱ्याची भाजी यांची चंगळ असते. या पालेभाज्यांतील के जीवनसत्त्वामुळे गोळीचा परिणाम कमी होतो. भाजी सोडायची नाही, पण आठवड्यातले तिचे प्रमाण बारा महिने साधारण सारखे ठेवायचे. डायक्लोफेनॅकसारखी दुखण्यावरची गोळी किंवा मेट्रोनिडाझोलसारखी जुलाबाची गोळी गावातल्या दुकानातून परस्पर घेतल्यास रक्तस्रावाचा धोका वाढतो, म्हणून पत्नीच्या फोनच्या लॉक स्क्रीनवरच ‘धातूची झडप, ॲसिट्रोम चालू’ असे लिहून ठेवा. अपघात झाला तर अनोळखी डॉक्टरही ते वाचू शकतील. काळी शौच, हिरड्यांतून थांबत नसलेले रक्त, डोक्याला मार किंवा अचानक दम लागणे, यांपैकी काहीही झाले तर फोटो पाठवत बसू नका, थेट रुग्णालय गाठा.

प्रश्न : माझ्या सासूबाई रामटेक तालुक्यात गावी असतात. त्यांना वाचता येत नाही, फोन साधा बटणांचा आहे. हृदयाच्या गोळ्या मेडिकलमधून (सरकारी रुग्णालयातून) महिन्याच्या मिळतात. त्यांच्यासाठी काही उपाय आहे का?
(एक वाचिका, नंदनवन)

उत्तर : आहे, आणि त्यासाठी स्मार्टफोन घेऊन देण्याचा खर्च करू नका. आपल्या सासूबाई गोळ्या ओळखतात त्या रंगावरून आणि आकारावरून. पुढच्या महिन्यात मेडिकलमधून वेगळ्या कंपनीची गोळी मिळाली की पिवळीची गुलाबी होते आणि त्या ती ‘आपली नाही’ म्हणून बाजूला ठेवतात किंवा उरलेल्या पिवळ्यांसोबत तीही घेतात. म्हणून महिन्याच्या गोळ्या आल्या की आपण किंवा आपल्या पतीने जुन्या गोळ्यांचा हिशेब करावा आणि नव्या गोळ्या दोन कापडी थैल्यांत भराव्यात, सकाळच्या थैलीवर सूर्य आणि रात्रीच्या थैलीवर चंद्र शिवून. स्ट्रिप कापताना औषधाचे नाव आणि मुदत असलेला तुकडा थैलीतच राहू द्यावा.

बटणांच्या फोनमध्येही रोजचा गजर लावता येतो. त्याहून चांगला उपाय म्हणजे ठरलेल्या वेळी आपला फोन. ‘गोळी घेतली का आई’ एवढेच विचारले तर होकार येणारच, म्हणून ‘रात्रीच्या थैलीत आता किती राहिल्या’ असे विचारावे. महिन्याच्या विसाव्या दिवशी दहा दिवसांच्याच राहिल्या पाहिजेत. कमी-जास्त निघाल्या तर काय झाले ते कळते आणि त्यांना आपली परीक्षा घेतल्यासारखेही वाटत नाही, निदान पहिले काही दिवस तरी.

सरकारी व्यवस्थेतही फोनचा असा वापर होतो. भारत उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमात महाराष्ट्रातून सुरुवातीला घेतलेल्या जिल्ह्यांत आपल्या शेजारचे वर्धा आणि भंडारा होते. या उपक्रमात ‘सिंपल’ नावाचे ॲप आहे, पण ते रुग्णाच्या फोनमध्ये नसून परिचारिकेच्या हातात असते. तारखेला न आलेल्या रुग्णांची यादी ते दाखवते आणि केंद्रातून त्या रुग्णाला फोन जातो. मला ही मांडणी अधिक शहाणपणाची वाटते, कारण आठवण ठेवण्याचे ओझे आजारी माणसावर टाकलेले नाही. आपल्या गावच्या आशाताईंना सासूबाईंच्या महिन्याच्या तारखेची कल्पना देऊन ठेवा. आणि त्यांच्या फोनमध्ये एका बटणावर १०८ ठेवून ते बटण दाबून कसे बोलायचे, हे प्रत्यक्ष दाखवा.

प्रश्न : व्हॉट्सॲपवर सतत येते की कोलेस्टेरॉलच्या गोळ्यांनी यकृत खराब होते आणि अमुक काढ्याने ब्लॉकेज विरघळते. यजमानांनी ते वाचून गोळी बंद केली आहे.
(एक वाचिका, त्रिमूर्तीनगर)

उत्तर : ज्या फोनवर गजर लावतो तोच फोन दुपारी गोळी बंद करायला सांगतो, ही आजची मोठी अडचण आहे. झटका येऊन गेलेल्या किंवा स्टेंट असलेल्या माणसात स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉलची गोळी, पुढचा झटका टाळण्यासाठी असते. यकृताला गंभीर इजा क्वचितच होते आणि ती शंका रक्ताच्या साध्या तपासणीने मिटवता येते. कोणताही काढा रक्तवाहिनीतला अडथळा विरघळवत असल्याचा पुरावा नाही. यजमानांशी वाद घालू नका. तो संदेश डॉक्टरांकडे न्या, यजमानांसमोरच वाचून दाखवा आणि उत्तर त्यांना डॉक्टरांच्याच तोंडून ऐकू द्या. गोळी पुन्हा सुरू करणे मात्र त्या तारखेपर्यंत लांबवू नका. आजच फोन करून विचारा.

प्रश्न : औषधांचे ॲप फोनमधील संपर्क, ठिकाण आणि फोटो पाहण्याची परवानगी मागते. द्यावी का?
(एक वाचक, गोकुळपेठ)

उत्तर : गजर देण्यासाठी ॲपला सूचना दाखवण्याची आणि गजराची परवानगी पुरते. औषधाचा फोटो ठेवायचा असेल तर कॅमेऱ्याची द्यावी. संपर्क आणि ठिकाण यांची गरज नसते, ती नाकारावी आणि नाकारल्यावर ॲप चालतच नसेल तर दुसरे पाहावे. कोणाला कोणता आजार आहे आणि तो दरमहा कोणती औषधे घेतो, ही माहिती औषधे विकणाऱ्यांच्या दृष्टीने मौल्यवान असते, आणि फुकट ॲपची किंमत बऱ्याचदा त्यातूनच वसूल होते. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात, दिलेली संमती मागे घेण्याची आणि माहिती पुसून टाकायला सांगण्याची तरतूद आहे. ॲप फोनमधून नुसते काढून टाकल्याने कंपनीकडची माहिती जात नाही, म्हणून आधी ॲपच्या आत जाऊन खाते बंद करण्याचा पर्याय वापरावा. कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटात औषधांच्या चिठ्ठीचा फोटो टाकतानाही नाव, पत्ता आणि नोंदणी क्रमांक असलेला वरचा भाग कापून टाकावा, कारण तो फोटो त्या गटातून पुढे कोणाकोणाकडे जाईल यावर आपला ताबा राहत नाही.